भाकर की भाकरी?

पानठेल्यावरच्या पेपरातलं साधं शब्दकोडं चहा संपेपर्यंत सुटतं. ‘विदर्भातलं नगदी पीक’ म्हटलं की कापूस. पण शोधसूत्र असं आलं तर?

‘कशाला पुसदची नदी? पांढरं सोनं! (३)’

हे गूढ शब्दकोडं. कंसातला आकडा चौकटींचा. इथे उत्तर दोनदा दिलेलं असतं, एकदा अर्थाने आणि एकदा अक्षरांच्या खेळाने. अर्थ सूत्राच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी बसतो, मधे नाही. इथे तो शेवटी आहे: पांढरं सोनं. उरलं ते अक्षरांचं. कशाला म्हणजे ‘का’, पुसदची नदी ‘पूस’, जोडा, कापूस. ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’ या कोड्यात फक्त अर्थाची बाजू आहे, त्यामुळे उत्तर बरोबर की चूक हे घालणाराच सांगणार. गूढ कोड्यात पडताळा आपल्या हातात असतो.

तो किती कामाचा, ते पाहा:

‘वजनदाराच्या पोटात कणसाचं टोक, आगीवर टम्म फुगते (३)’

‘कणसाचं टोक’ म्हणजे पहिलं अक्षर, क. ‘पोटात’ हा इशारा: क कशाच्या तरी आत घाला. आपल्याकडे विदर्भात बहुतेक जण ‘भाकर’ लिहून मोकळे होतील. चौकटीही तीनच भरतात. पण वजनदार म्हणजे ‘भारी’, म्हणून शेवटी ‘री’च हवी: भाकरी. ‘र’ लिहिलात की तिथून जाणारा उभा शब्द अडलाच. ‘वजनदाराच्या’मधला ‘च्या’ वाक्य जुळवण्यापुरता आहे. मराठीत विभक्तीची अशी टरफलं आधी सोलावी लागतात.

शब्दकोडं १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात जन्मलं आणि त्याचा गूढ प्रकार १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये घडला. तिथे चौकटीत एक रोमन अक्षर, आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर. जोडाक्षरही एकच, म्हणून ‘संत्रं’ दोन चौकटींत मावतं. उलटतानाही वेलांटी आपल्या अक्षरासोबतच जाते: ‘नदी’ उलटली की ‘दीन’.

‘नीट नाही’, ‘विस्कटून’, ‘घोळात’ असे शब्द दिसले की शेजारच्या शब्दाची अक्षरं फिरवायची:

‘लावत नाही नीट मामांचा पाणीसाठा (३)’

हे मामा आईचे भाऊ नव्हेत. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या, तलावांना थोडक्यात मामा तलाव म्हणतात. ल-त-व यांच्यात काना फक्त ‘ला’ला, आणि ‘लावत’ फिरवून ‘तलाव’ होताना तो तिथेच राहतो. अडचण अशी की वाचता येणाऱ्याला ‘लावत’ हा शब्द न वाचता नुसती अक्षरं पाहणं जमत नाही. म्हणून अक्षरं कागदावर गोलाकार लिहा, म्हणजे ओळखीचा क्रम मोडतो. तीन वेगळ्या अक्षरांच्या मांडण्या सहाच. चारांच्या २४, पाचांच्या १२०. तीन असतील तर सगळ्या लिहून काढा, पाच असतील तर आडव्या-उभ्यातून एखादं अक्षर मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

कधी चूक कोडं रचणाऱ्याचीही असते. ‘नवरा’ विस्कटून ‘वानर’ करण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. विनोद झकास, पण काना ‘रा’वरून उडी मारून ‘वा’वर गेला. असं सूत्र भेटलं तर अर्थावरून उत्तर लिहा आणि पुढे चला. जुळणी जुळवण्यात अर्धा तास घालवू नका.