डिजिटल वर्गातली हडप्पा संस्कृती (खान्देश)

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या शाळांमध्ये सहावीच्या इतिहासात येणारा हडप्पा संस्कृतीचा धडा स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर, मोबाइल वापरून शिकवायची जी पद्धत आहे त्याबद्दलची ही नोंद. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर झेडपीच्या शाळा डिजिटल करायची लाटच आली, बऱ्याच गावांत लोकवर्गणीतून टीव्ही आले, मग २०१७ मध्ये दीक्षा ॲप आलं आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापून यायला लागले, स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ सुरू. पण नुसता व्हिडिओ लावून दिला तर पोरं सिनेमा बघितल्यासारखी बघतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात, त्यामुळे खरा उपयोग होतो तो मोजायला लावल्यावर.

स्क्रीनवर सगळंच एकाच साइजचं दिसतं ही यातली मोठी अडचण. मोहेंजोदडोची (सिंधमधलं हडप्पा संस्कृतीचं शहर) ती प्रसिद्ध नर्तिकेची मूर्ती टीव्हीवर माणसाएवढी दिसते, प्रत्यक्षात आहे साडेदहा सेंटीमीटर, म्हणजे कंपासमधली पट्टी सुद्धा तिच्यापेक्षा उंच. बहुतेक मुद्रा (ठसा उमटवायचे कोरीव शिक्के) तर अडीच-तीन सेंटीमीटरच्या. आणि महास्नानगृह उलटं, फोटोत छोटंसं वाटतं पण ते साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, २.४ मीटर खोल आहे. म्हणून आधी गुगल अर्थवर मोहेंजोदडो उघडायचं, तिथल्या मोजपट्टीने पोरांनाच मोजायला लावायचं आणि मग मैदानात कबड्डीचं ग्राउंड आखतो तशी फक्की मारून तेवढाच चौकोन काढायचा, आत पोरं उभी राहिली की आकार कळतो (खोली मात्र सांगूनच समजवावी लागते, तेवढा खड्डा कोण खणणार). एक काळजी घ्यायची, त्याच टेकाडावर जो उंच गोल स्तूप दिसतो तो हडप्पाचा नाही, खूप नंतरचा आहे, पोरं हमखास तिथेच बोट ठेवतात.

विटांचंही तसंच. हडप्पाच्या विटांचं जाडी, रुंदी, लांबीचं प्रमाण १:२:४, घरांच्या विटा साधारण ७, १४ आणि २८ सेंटीमीटर. गावाजवळ वीटभट्टी असतेच, पोरं तिथल्या विटेचं माप घेऊन फोटो आणतात, टीव्हीवर दोन्ही शेजारी शेजारी लावले की चर्चा आपोआप सुरू होते. मुद्रांसाठी मोबाइलमधलं फोटो उलटा करायचं बटण कामाला येतं, कारण मुद्रेवर चित्र उलटं कोरायचे म्हणजे ठसा सुलट उमटतो, पोरांनी स्वतःची मुद्रा काढून ती आरशासारखी फिरवून बघितली की ते लगेच डोक्यात बसतं. चिन्हं साधारण चारशेच्या आसपास आहेत आणि लिपी अजून कोणालाच वाचता आलेली नाही, त्यामुळे मुद्रेवर अमुक लिहिलंय असं ठासून सांगणारा व्हिडिओ दिसला की सरळ बंद करावा. एआयने बनवलेली चित्रं तर अजून घातक, सोन्याचे महाल आणि सिंहासनावर बसलेला राजा, तिथे राजवाडा म्हणावा असं नक्की काही सापडलेलंच नाही.

खान्देशात हा धडा शिकवायचा तर दोन गोष्टी हाताशी आहेत. पहिली कापूस. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेलं सुती कापड मिळालंय, ज्या पोरांच्या घरी कापूस वेचणी चालते त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती म्हणजे तापी-गिरणेकाठची आपली जुनी गावं. सिंध दूर आहे, पण गुजरातमधलं हडप्पाकालीन लोथल धुळ्यापासून सरळ रेषेत तीनेकशे किलोमीटरवर आणि नगर जिल्ह्यातलं प्रवरेकाठचं दायमाबाद त्याच्या निम्म्या अंतरावर, गुगल अर्थवर रेघ ओढली की दिसतंच. तापीकाठच्या सावळदा गावावरून नाव पडलेल्या सावळदा संस्कृतीची भांडी दायमाबादला सगळ्यात खालच्या थरात मिळाली आणि त्याच्या वरच्या थरात उत्तर हडप्पाकालीन (हडप्पाच्या शेवटच्या काळातली) वस्ती, म्हणजे हडप्पाची माणसं तिथे पोचायच्या आधीच तापीकडची भांडी तिथे होती! शहादा तालुक्यातलं प्रकाशे १९५४-५५ मध्ये खणलं गेलं, चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळलाही उत्खनन झालंय. पुस्तकात याला जागा कमीच असते, म्हणून शिक्षकाने नकाशावर या गावांच्या पिना स्वतः टाकून ठेवायच्या आणि मुद्दाम त्यांच्यावरच जास्त वेळ थांबायचं, व्हिडिओ नंतर बघितला तरी चालतो.

भाषेचं म्हणाल तर व्हिडिओतली मराठी फार पुस्तकी असते, घरी अहिराणी, भिली नाहीतर पावरी बोलणाऱ्या पोरांना ती जड जाते. दर दोन मिनिटांनी थांबवून अहिराणीत ‘हाई काय शे?’ (हे काय आहे?) असं विचारलं की वर्ग बोलायला लागतो. लाइट आणि नेटचा भरवसा नसतो, म्हणून व्हिडिओ आणि नकाशाचे स्क्रीनशॉट आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवलेले बरे. व्हीआरचे (आभासी दृश्य दाखवणारे) पुठ्ठ्याचे चष्मे मधे बरेच गाजले, पण गुगलची शाळांसाठीची एक्सपिडिशन्स सेवा २०२१ मध्ये बंदच झाली, आणि तसंही एका चष्म्यासाठी चाळीस पोरांची रांग लावण्यात तास संपतो.

नदीकाठच्या टेकाडावर पोरांना नेलं तर जुनी खापरं दिसू शकतात. खापराशेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवायचं आणि खापर होतं तिथेच राहू द्यायचं, उकरायचं तर अजिबात नाही. दायमाबादची प्रसिद्ध कांस्यशिल्पं, रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, १९७४ मध्ये गावातल्याच माणसाला सापडली होती, ती गोष्ट सांगितली की प्रत्येक पोराला लगेच खणावंसं वाटतं, तेव्हा सोबत १८७८ चा निखात निधी कायदाही सांगून टाकावा, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं तर कलेक्टरला कळवावं लागतं.