जेपी नगर शेवटच्या दिवशी का नाही
(बंगळूरची कला आणि संगीत संग्रहालयं बघायला येणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

बंगळूरचं बुकिंग घेताना एक विनंती हमखास येते. “शेवटच्या दिवशी हॉटेल सोडलं की सामान गाडीत टाकू, ते संगीताचं म्युझियम उरकू आणि तसेच विमानतळावर जाऊ.” आम्ही नाही म्हणतो. मग थोडी नाराजी होते, “गाडीचे पैसे तर देतोच आहोत ना?” हेही ऐकावं लागतं. म्हणून कारण एकदा लिहूनच देतोय.

इंडियन म्युझिक एक्सपिरियन्स हे संग्रहालय जेपी नगरच्या सातव्या फेजमध्ये, म्हणजे शहराच्या दक्षिण अंगाला आहे. विमानतळ उत्तरेला, देवनहळ्ळीकडे. मध्ये अख्खं बंगळूर. रात्री घरी बसून मोबाइलवर बघितलेला वेळ संध्याकाळी पाचला लागू होत नाही, हे हिंजवडीला नोकरी केलेल्यांना तरी वेगळं सांगायला नको.

पण रस्त्यापेक्षा जास्त घोळ आतल्या वेळेचा होतो. मंडळी तासाभराचा हिशेब धरून येतात. २०१९ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय काचेमागच्या वस्तू बघत पुढं सरकायचं नाही. इथं बघण्याइतकंच ऐकायचं आहे, आणि ऐकणं घाईनं होत नाही. शंभराहून जास्त वाद्यं मांडलेली आहेत. बिस्मिल्ला खाँ यांची सनई आहे, एम. एस. सुब्बुलक्ष्मींचा तंबोरा आहे, भीमसेनजींचा पोशाख आहे. ‘सवाई’च्या मंडपात रात्री काढलेले काका त्या पोशाखापुढून हलत नाहीत, आणि आम्हीही त्यांना हलवत नाही. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाचं दालन वेगळं, स्वातंत्र्यलढ्यातल्या गाण्यांचं वेगळं. बाहेर ‘साउंड गार्डन’ आहे, तिथली वाद्यं स्वतः वाजवून बघायची असतात. मुलं बरोबर असतील तर तिथून त्यांना बाहेर काढण्याचा वेळही धरा. एकूण तीन तास. दीड तासात बाहेर आलेले लोक गाडीत बसल्यावर एकमेकांना विचारतात, “तू ते ऐकलंस का?” आणि मग आमच्या ड्रायव्हरला “दहा मिनिटं मागे फिरवता का?” त्या दहा मिनिटांवर विमान हुकतं.

त्यात सोमवारची भर. हे संग्रहालय, कस्तुरबा रोडवरचं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी (सगळे ‘मॅप’च म्हणतात) आणि पॅलेस रोडवरची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, तिन्ही सोमवारी बंद. शनिवार-रविवार-सोमवार अशी जोडून सुट्टी घेणाऱ्यांचा शेवटचा दिवस नेमका सोमवारच असतो.

म्हणून जेपी नगर आम्ही पहिल्या पूर्ण दिवशी सकाळी ठेवतो. वाटेत बसवनगुडीला मसाला डोसा होतो, आणि परतीची घाई नसल्यामुळे किती वाजता बाहेर यायचं ते तुमचं तुम्ही ठरवता. तीन तासांच्या थांब्याचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही. एका दिवसात सहा ठिकाणं दाखवणारे लोक या शहरात आहेत, त्यांचा दर आमच्याहून कमी आहे, हेही खरं.

परतीच्या दिवशी अर्धा दिवस हाताशी असेल आणि तो सोमवार नसेल, तर मॅप. २०२३ मध्ये उघडलेली ही इमारत कब्बन पार्कला लागून आहे. दोन तास पुरतात, आणि विमानतळाच्या दिशेनं निघायला ठिकाण सोयीचं. तिथली प्रदर्शनं बदलत राहतात, त्यामुळे मित्रानं गेल्या वर्षी बघितलेलं तुम्हाला दिसेलच असं नाही. नॅशनल गॅलरी २००९ पासून माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये आहे. चित्रं बघून पाय दुखले की आवारातल्या झाडांखाली टेकता येतं. आमच्या मते आजी-आजोबांना घेऊन जायला हीच बरी.

रेल्वेनं परतणाऱ्यांचं गणित थोडं सैल आहे. गाडी केएसआर स्टेशनवरून असेल तर दक्षिणेकडून मेट्रोचा हिरवा मार्ग सरळ मॅजेस्टिकला, म्हणजे या स्टेशनजवळच्याच मेट्रो थांब्यावर आणतो. यशवंतपूरहून असेल तर आधी सांगा.

आणखी एक प्रश्न नेहमीचा: “रवी वर्मांची ती दिवा घेतलेली बाई कुठं आहे?” ती बंगळूरात नाही आणि रवी वर्मांचीही नाही. बोटांतून निरांजनाचा उजेड झिरपणारं ते जलरंगातलं चित्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, रवी वर्मांची तैलचित्रंही तिथंच. त्यासाठी म्हैसूरचा एक पूर्ण दिवस वेगळा घ्यावा लागतो. आमची गाडी पहाटे निघते, आणि निघण्याआधी दालन चालू आहे का ते आम्ही फोन करून विचारतो.

तिकिटं पॅकेजमध्ये धरत नाही, कारण दर बदलतात. खिडकीवर जे असेल ते तुम्ही द्यायचं. बुकिंग करताना परतीच्या विमानाची किंवा गाडीची वेळ आधी कळवा. ठिकाणांची यादी मागाहून पाठवली तरी चालेल.