निओ-न्वार
जुन्या अमेरिकी काळोख्या गुन्हेपटांचा, म्हणजे फिल्म न्वारचा, साधारण १९७० नंतरचा अवतार, बहुतेक रंगीत. पाऊस, ओले रस्ते, निऑनच्या पाट्या, थकलेला पोलीस नाहीतर खासगी डिटेक्टिव्ह, आणि गुन्हेगार सापडला तरी कुणाचं भलं होत नाही, हे सगळ्यांना माहितीये. कुणी नॉयर म्हणतं, फ्रेंचला जवळचं न्वारच, अर्थ काळा.

वाद आहे तो 'फिल्म न्वार' या नावाचा. बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं की नीनो फ्रांक या समीक्षकानं १९४६ साली पॅरिसमध्ये हे नाव दिलं. जर्मनांच्या ताब्यात असताना तिथं अमेरिकी सिनेमे बंद होते, युद्धानंतर एकदम आले आणि सगळेच काळवंडलेले दिसले. १९४५ मध्ये सुरू झालेल्या 'सेरी न्वार' या गुन्हेकादंबऱ्यांच्या मालेवरून शब्द सुचला असावा असंही सांगतात. पण काही अभ्यासकांनी दाखवलंय की १९३८-३९ च्या सुमारास तिथल्या पेपरांत हाच शब्द फ्रेंच सिनेमांबद्दल, बऱ्याचदा नाक मुरडत, येऊन गेलाय. हेच जास्त पटतं, फ्रांकनं शब्द घडवला नाही, फक्त अमेरिकी सिनेमाला चिकटवला. १९५५ मध्ये बोर्द आणि शोमतों या फ्रेंच समीक्षकांच्या पुस्तकानं तो पक्का झाला.

पडद्यावरचा पाऊस फुकट दिसत नाही. मागून लाइट मारला नाही तर धारा कॅमेऱ्यात नीट येतच नाहीत. रस्ताही मुद्दाम भिजवतात, कारण कोरडं डांबर रात्री उजेड गिळतं आणि ओलं परत फेकतं. 'सेव्हन' (१९९५) मधलं शहर बिननावाचं आणि सतत ओलं, त्याच्या काही प्रिंट धुताना फिल्मवरची चांदी मुद्दाम राहू दिली, म्हणून त्यातला काळा एवढा दाट.

मराठीत असे सिनेमे मोजकेच.

सोलापूरकराला हे जरा परकं वाटतं, आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, भागवत थेटरात पडद्यावरचा पाऊस बघून बाहेर पडलं की समोर कोरडा रस्ता आणि ऊन. पण पाऊस ही काय अट नाहीये. 'चायनाटाउन' (१९७४) हा या प्रकारातला सगळ्यात मोठा सिनेमा धरतात आणि तो भर उन्हातला आहे, १९३० च्या दशकातलं दुष्काळी लॉस एंजेलिस, गुन्हा पाण्याच्या राजकारणाचा. उजनी धरणात किती टक्के पाणी आणि आपल्या नळाला कधी, यावर चहाच्या गाड्यावर तासभर बोलणाऱ्या गावाला तो समजावून सांगावा लागत नाही. सिनेमातही शहरात पाणी नाही म्हणून बोंब चाललीये, आणि पाणी खात्याचा इंजिनिअर बुडून मेलेला सापडतो.