निर्वात पात्र, फ्यूजन अणुभट्टीचे

फ्यूजन म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवणे. त्यासाठीच्या टोकामाक पद्धतीच्या (कड्याच्या आकारात चुंबकीय क्षेत्राने कोंडणाऱ्या) अणुभट्टीतील मेदूवड्याच्या आकाराचे पोकळ पोलादी भांडे. त्याच्या पोकळीत चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, भिंतींपासून दूर, अधांतरी धरलेला असतो. हवेचा जरासा अंश राहिला तरी प्लाझ्मा थंड होतो. म्हणून आतला दाब बाहेरच्या हवेच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही खाली नेतात.

हवेचा भार दर चौरस मीटरला सुमारे 10 टन. तेलाच्या रिकाम्या पिप्यात थोडे पाणी उकळून, झाकण घट्ट लावून वरून गार पाणी ओतले की पिपा चेपतो. विदर्भातल्या कोणत्याही खेड्यातल्या शाळेत हा प्रयोग करता येतो. नीट पाहावे : सपाट पत्रे आत जातात, कडा बऱ्याच टिकतात. म्हणूनच पात्राच्या भिंती शक्यतो वक्र ठेवतात.

मग पत्रा जाडच का घेऊ नये? कारण पात्र हे विजेचेही बंद कडे आहे. प्लाझ्मात प्रवाह चढवताना त्याचा वाटा भिंतीत वाहतो, आणि जाड भिंत तो अधिक खेचते. प्लाझ्मा अचानक कोसळला तर भिंतीत उठणाऱ्या प्रवाहांवर चुंबकीय क्षेत्राचा प्रचंड जोर येतो. दाबासाठी जाडी हवी, विजेसाठी ती नको. रचनाकाराची खरी कसोटी इथे आहे. फ्रान्समधील इटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पात दुहेरी भिंत घेतली आहे. मधून थंड करणारे पाणी फिरते, आणि न्यूट्रॉन (फ्यूजनमधून सुटणारे वेगवान कण) अडवणारे पोलादी ठोकळे बसतात. हे ठोकळे पुरवण्याची जबाबदारी भारताची आहे. पात्राचा बाहेरचा व्यास 19.4 मीटर, उंची 11.4 मीटर, ते 9 खंडांतून जोडायचे आहे. जोडकडांची मापे बिघडल्याचे 2022 मध्ये समोर आले आणि दुरुस्ती हाती घ्यावी लागली. भारतात गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य (1989) आणि एसएसटी-1 हे टोकामाक उभारले गेले.

वेल्डिंगची गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी. ट्रॅक्टरची ट्रॉली बनवणारा गावचा कारागीर जोड पक्का व्हावा म्हणून दोन्ही बाजूंनी वेल्ड मारतो, आणि ट्रॉलीसाठी ते अगदी बरोबर आहे. निर्वात पात्रात मात्र दोन वेल्डच्या मध्ये हवेची फट अडकते. ती हवा सूक्ष्म छिद्रांतून महिनोन्महिने आत झिरपते, आणि बाहेरून शोधले तरी गळती सापडत नाही. म्हणून अखंड वेल्ड आतल्या बाजूने, पूर्ण जाडी भेदणारा मारतात; बाहेर आधार लागलाच तर तुटक टाके. आंधळ्या, म्हणजे आरपार न जाणाऱ्या, भोकात बोल्ट बसवायचा असेल तर हवा निघायला त्यातून बारीक वाट ठेवतात.

भिंतीला चिकटलेली ओल घालवण्यासाठी पात्र तापवावे लागते, इटरचे सुमारे 200 अंशांपर्यंत. तूर कोठीत भरण्यापूर्वी वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवतात, तशीच ही तयारी.

शेवटी गळतीची तपासणी. सायकलची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली की बुडबुडा पंक्चर दाखवतो. इथे आतली हवा काढून बाहेरून जोडांवर हेलियम फवारतात. तो आत शिरला की पात्राला जोडलेल्या हेलियम ओळखणाऱ्या यंत्राचा काटा हलतो. फवारणी वरून खाली करतात. हेलियम हलका असल्याने खालून सुरुवात केली तर तो वर चढून वरच्या गळक्या जोडातून आत शिरतो, आणि दोष खालच्या चांगल्या जोडावर येतो.