मेल सर्व्हरवरील आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ यांच्या संघर्षाची पार्श्वभूमी

एकाच सर्व्हरवरून निघालेली मेल काही ठिकाणी सुरळीत पोहोचते आणि काही ठिकाणांहून ५५० क्रमांकाचा, म्हणजे कायमचा, नकार घेऊन परत येते, तेव्हा दोष बहुधा मेल सॉफ्टवेअरमध्येच शोधला जातो. प्रत्यक्षात या बिघाडाचे मूळ पुष्कळदा जुने असते. इंटरनेटवरील यंत्रांना ३२ बिटांचे पत्ते देणाऱ्या आयपीव्ही४चे प्रमाण सप्टेंबर १९८१ मध्ये आले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातून एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या प्रोटोकॉलचे, नियम मांडले. पाठवणारा खरा कोण, हे पडताळण्याची सोय त्या नियमांत नव्हती. पुढे स्पॅम वाढला, तेव्हा ही उणीव पत्त्यावरच्या विश्वासाने भरून काढण्यात आली: काळ्या याद्या, रिव्हर्स डीएनएसमधील पीटीआर नोंद (पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी) आणि नंतर एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणत्या पत्त्यांवरून मेल पाठवता येते ते सांगणारी नोंद). ही सारी व्यवस्था ३२ बिटांच्या पत्त्यांभोवती वाढली.

आयपीव्ही४च्या पुढच्या आवृत्तीचे, म्हणजे आयपीव्ही६चे, पहिले प्रमाण डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदीत पत्ता नसून सर्व्हरचे नाव असते, त्यामुळे त्या नावाला १२८ बिटांच्या आयपीव्ही६ पत्त्याची एएएए नोंद जोडली की मेल नव्या मार्गाने जाऊ शकत होती. ही रचना खरोखर सुंदर आहे. पण नावामागच्या अनेक पत्त्यांपैकी आधी कोणता वापरायचा, हा निर्णय त्यामुळे पुष्कळदा ऑपरेटिंग सिस्टीमकडे गेला, आणि २००३ च्या आरएफसी ३४८४ मधील मूळ नियमावली सर्वसाधारणपणे आयपीव्ही६ला झुकते माप देत होती. परिणामी यंत्राला आयपीव्ही६ पत्ता मिळताच सर्व्हर कोणतीही सूचना न देता त्या पत्त्यावरून बोलू लागतो, ज्याला पीटीआर नोंद नाही आणि ज्याचा एसपीएफमध्ये उल्लेख नाही. जीमेलसारखे मोठे प्राप्तकर्ते आयपीव्ही६वरून येणाऱ्या मेलसाठी पीटीआरचा आग्रह धरतात, म्हणून नकार तिथे आधी दिसतो.

पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरचा इतिहास इथे विशेष उपयोगी आहे. त्याच्या २.९ आवृत्तीत मूळ सेटिंग केवळ आयपीव्ही४ऐवजी दोन्ही प्रोटोकॉल अशी झाली. मात्र जुनी स्थापना अद्ययावत करताना, सेटिंग स्पष्ट दिलेली नसेल तर, आयपीव्ही४चीच ओळ जोडली जाई, जेणेकरून आयपीव्ही६ जोडणी नसलेल्या ठिकाणी मेल रेंगाळू नये. त्यामुळे जुना आणि नव्याने उभारलेला असे दोन सर्व्हर एकाच आवृत्तीवर असूनही वेगळे वागू शकतात.

येणाऱ्या जोडण्यांचीही अशीच गुंतागुंत आहे. लिनक्सवर आयपीव्ही६ सॉकेट (प्रोग्राम ज्यातून जोडण्या स्वीकारतो ते टोक) सहसा आयपीव्ही४च्याही जोडण्या घेते. म्हणून मेलसाठीच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर दोन्हींसाठी स्वतंत्र सॉकेट उघडू पाहणाऱ्या प्रोग्रामला ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशी त्रुटी मिळू शकते.

आयपीव्ही६ बंद केले की तक्रारी थांबतात, हे खरे. माझ्या मते तो तात्पुरता उपाय म्हणूनच स्वीकारावा. आधी लॉगमध्ये मेल कोणत्या पत्त्यावरून निघाली ते पाहावे, मग त्या पत्त्याचे पीटीआर आणि त्या नावाची एएएए नोंद परस्परांशी जुळते का हे तपासावे, आणि एसपीएफमध्ये त्या आयपीव्ही६ पत्त्याचा उल्लेख करावा.