घरात एक मशीन, प्रोग्राम सगळ्यांचे
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हिशेबाचा प्रोग्राम बाबांच्या लॅपटॉपवर, गणपतीचे फोटो तिघांच्या तीन फोनवर, घरपट्टीच्या पावत्या कुठल्याशा पेनड्राइव्हमध्ये. बाबा लॅपटॉप घेऊन बाहेर पडले की हिशेबही त्यांच्याबरोबर गेले. ‘घरी सर्व्हर बसवायचाय’ म्हणत आमच्याकडे येणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा एवढीच असते.

त्यावर आम्ही राउटरशेजारी पोळ्यांच्या डब्याएवढा एक मिनी पीसी बसवतो. तो दिवसरात्र चालू राहतो आणि प्रोग्राम त्याच्यावरच चालतात. फोन, टीव्ही, लॅपटॉप यांच्याकडे फक्त दाखवण्याचं काम उरतं.

फोल्डर शेअर केलं म्हणजे झालं ना?

हा प्रश्न हमखास येतो. नाही झालं. समजा, टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा त्या डब्यात, म्हणजे मिनी पीसीत, ठेवला आणि वरच्या मजल्यावरच्या लॅपटॉपवर टॅली उघडली. टॅली चालतेय लॅपटॉपवरच. प्रत्येक नोंद वायफायवरून ये-जा करतेय. एंट्री सेव्ह होत असताना वायफाय गेलं, तर डेटा बिघडण्याची भीती असते. रिमोट डेस्कटॉपने काम केलं तर टॅली डब्यातच चालते. तुमच्याकडे फक्त पडद्याचं चित्र येतं, तिकडे कीबोर्ड-माउसचे इशारे जातात. वायफाय तुटलं तरी एंट्री तिथे तशीच उघडी असते. पुन्हा जोडा, पुढे लिहा.

याचा एक फायदा खिशालाही होतो. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि अनेक जुने लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत. अशा ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकतो. नुसतं चित्र दाखवायला तो अजून काही वर्षं सहज पुरतो. भंगारात देऊ नका.

परवान्याचं आधी बोलू

विंडोज होम असलेल्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही. त्यासाठी प्रो लागतं, आणि प्रोवरही एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. ही मर्यादा उडवणाऱ्या युक्त्या इंटरनेटवर मिळतात. त्या आम्ही करून देत नाही: परवान्याचा भंग होतो, शिवाय विंडोजचं अपडेट आलं की बंद पडतात आणि फोन आम्हाला येतो. टॅलीचा परवाना वेगळा. सिल्व्हर एकासाठी, गोल्ड लॅनवरच्या, म्हणजे घरच्याच नेटवर्कवरच्या, अनेकांसाठी. आम्ही यायच्या आधी तुमच्याकडे कोणता आहे ते बघून ठेवा.

टॅली नको असेल तर प्रश्नच मिटला. डब्यात लिनक्स टाकायचं; फोटोंसाठी इमिच, सिनेमे-गाण्यांसाठी जेलीफिन, कागदपत्रांसाठी पेपरलेस. तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये उघडतात, माणशी परवाना नाही. पेपरलेस स्कॅन केलेल्या कागदातली अक्षरं वाचतं, म्हणजे ‘घरपट्टी’ टाइप केलं की पावती समोर. मराठी त्यात वेगळी बसवावी लागते, ती आम्ही बसवून देतो. छापील मजकूर बऱ्यापैकी वाचतं. हाताने लिहिलेले जुने सातबारे मात्र आपल्यालाच धड लागत नाहीत, त्याला कुठून लागणार!

वायर आणि वीज

डबा ते राउटर वायफाय चालणार नाही, केबलच हवी. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, वेगाला केबलमधल्या आठही तारा नीट जोडलेल्या लागतात. चारच लागल्या असतील तर वेग १०० एमबीपीएसवर अडकतो आणि दोष मशीनला जातो. फ्लॅटमध्ये बिल्डरने आधीच ओढलेल्या वायरी आम्ही म्हणूनच तपासून घेतो.

‘घरात जुना डेस्कटॉप पडलाय, तोच वापरा’ असं बरेच जण सुचवतात. हिशेब करा. सरासरी १२ वॅट घेणारा मिनी पीसी महिनाभर अखंड चालला तर साधारण ९ युनिट जळतात. ६० वॅटच्या डेस्कटॉपला ४३. शिवाय पंख्याचा आवाज. एक छोटा यूपीएस मात्र घ्याच, आणि राउटरही त्याच्यावरच लावा.

बाहेरगावाहून बघायचं असेल तर

मुलगा बंगळुरूला आहे, त्यालाही फोटो दिसायला हवेत. त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून ठेवू नका. रिमोट डेस्कटॉपचा तर मुळीच नको, पासवर्ड फोडणारे प्रोग्राम असे पोर्ट शोधतच फिरत असतात. आम्ही टेलस्केल बसवतो: फक्त तुमच्याच उपकरणांना इंटरनेटवरून एकमेकांशी खाजगी जोडणारा प्रोग्राम. तुमच्या ब्रॉडबँड कंपनीने इंटरनेटवरचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता (पब्लिक आयपी) दिला नसला तरी ते चालतं.

बॅकअप

सगळं एका डिस्कवर आणलं की एका डिस्कबरोबर सगळं जाऊ शकतं. दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत असल्या तरी तो बॅकअप नव्हे: चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून पुसला जातो. म्हणून आठवड्याला एकदा बाहेरची हार्डडिस्क जोडायची, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची. दुसरी एक बहिणीकडे किंवा भावाकडे. मशीन बसवल्यावर बॅकअपमधून एक फोल्डर तुमच्यासमोर परत आणून दाखवतो, त्यानंतरच बिल.

घरात एकच माणूस आणि एकच लॅपटॉप असेल तर यातलं काही घेऊ नका, फक्त बाहेरची हार्डडिस्क घ्या. बाकीच्यांनी दुकानात येताना राउटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो आणावा, मॉडेल त्यावरून कळतं. पासवर्ड तेवढा बोटाने झाकून फोटो काढा.