बियाण्यासारखी राखलेली हवा

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या लातूरकडच्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकायचो. डबा सुटला की खरी परीक्षा. काठावरून कुणीतरी ओरडायचं, "तळाचा गाळ आण, मग मानतो!" बुडी मारून थोडं खाली गेलं की कान ठणकायला लागायचे. मुठीत काळा, गार गाळ घेऊन वर येताना छाती फुटायची वेळ यायची. खाली जाताना दम पुरला म्हणून वर येतानाही पुरेल असं नसतं, हे तेव्हाच कळलं.

पुढे तारकर्लीला स्कूबा शिकताना त्याच गोष्टीचं गणित भेटलं. पाठीवरच्या सिलिंडरला बातम्यांत हमखास 'ऑक्सिजन सिलिंडर' म्हणतात. त्यात असते आपली नेहमीचीच हवा, फक्त दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो.

१२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरली (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब), तर ती साधारण २४०० लिटर होते. शांत माणसाला मिनिटाला २० लिटर धरले, तर काठावर बसून ती दोन तास पुरेल. पाण्यात मात्र दर दहा मीटरला दाब एका बारने वाढतो. विहिरीत तेहतीस-चौतीस फूट पाणी असेल, तर तळाशी दाब काठावरच्या दुप्पट. सिलिंडरमधली हवा तोंडात सोडणारा रेग्युलेटर आपल्याला भोवतालच्या दाबाचीच हवा देतो, नाहीतर छाती फुगणारच नाही. म्हणून २० मीटरवर छातीभर श्वासाला तिप्पट हवा लागते, मिनिटाला ६० लिटर. दोन तासांची हवा चाळीस मिनिटांवर येते.

पण ही चाळीस मिनिटं सगळी आपली नव्हेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथल्या माणसाला हे फार समजवावं लागू नये. घरात पेरणीचं बियाणं आधी कणगीत वेगळं काढतात आणि उरेल ते खायला ठेवतात. पाण्याखाली राखीव हवा अशीच आधी बाजूला काढायची असते.

किती काढायची? वाईटात वाईट क्षण धरायचा. आपण २० मीटरवर आहोत आणि जोडीदाराची हवा अचानक बंद झाली. आता एका सिलिंडरवर दोघं. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, म्हणून प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर धरू, दोघांचे ६०. एकमेकांना धरून सावरायला एक मिनिट, दाब तिप्पट, म्हणजे १८० लिटर. तिथून पाच मीटरपर्यंत सावकाश वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब सव्वादोन बार, २७० लिटर. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, आणखी २७०. शेवटच्या मिनिटाला ७५. बेरीज ७९५ लिटर. बाराने भागलं की ६६ बार, सोयीसाठी ७० म्हणू.

'५० बार उरले की वर या' असं सरसकट सांगितलं जातं. वरचा हिशेब पाहिला की २० मीटरवर दोघांना ते पुरत नाहीत, हे दिसतं. ३० मीटरवर तर याच रीतीने साधारण ९५ बार लागतात. म्हणून सगळ्या खोलींना एकच आकडा लावणं मला धोक्याचं वाटतं. ७० बार बाजूला काढले की उरतात १३० बार, १५६० लिटर, म्हणजे २० मीटरवर सव्वीस मिनिटं. तेवढीच आपली डुबकी, आणि खाली उतरायचा वेळही त्यातच.

गुहेत डोक्यावर दगड असतो, सरळ वर येताच येत नाही. तिथे एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश परतायला, एक तृतीयांश राखीव. अमेरिकेतले गुहा-पाणबुडे शेक एक्सली यांनी १९७९ मध्ये अपघातांचा अभ्यास करून या नियमावर जोर दिला. अगदी आतल्या टोकाला जोडीदाराची हवा संपली, तर माझ्याकडचे दोन तृतीयांश दोघांत वाटून प्रत्येकाला एकेक हिस्सा येतो. तो फक्त परतीपुरता आहे, तोही दोघं शांत राहिले तर. म्हणजे हा नियम कमीत कमीचा आहे, ऐसपैस नाही. जाणकार पाणबुडे त्याहून लवकर मागे फिरतात.

आपल्याकडच्या उन्हाची एक गोष्ट यात हटकून येते. उन्हात तापलेलं, ४२ अंशांचं सिलिंडर गेजवर २०० बार दाखवतं. २७ अंशांच्या पाण्यात ते निवलं की काटा १९० च्या आसपास येतो. एकही श्वास न घेता दहा बार कमी झाले, कारण हवा तेवढीच राहिली तरी गार होताना तिचा दाब उतरतो. तो काटा पाण्यात पाच मिनिटं गेल्यावर पुन्हा वाचावा आणि जोडीदाराला बोटांनी दाखवावा. मागे कधी फिरायचं ते दोघांपैकी ज्याचा आकडा कमी असेल, त्याच्यावरून ठरतं.